संशोधन कंपन्यांची सर्वेक्षणे आणि पाड्यावरील माणसाचे खाजगीपण

माहितीदाराचे नाव वगळले की त्याची ओळख लपते, हे संशोधन कंपन्यांचे गृहीतक शहापूर-मुरबाडच्या कातकरी पाड्यांवर टिकत नाही. मोजक्या घरांच्या पाड्यात वय, आजार आणि वीटभट्टीमालकाकडून घेतलेली उचल एवढ्या नोंदींवरूनही माणूस नेमका ओळखता येतो. मुकादमास तर नावाची गरजच नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणास मूलभूत हक्क मानले. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही संमत झाला. तथापि त्याच्या कलम १७ मध्ये संशोधन व सांख्यिकीय कामास सूट आहे. विहित मानके पाळावीत आणि त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेऊ नये, एवढ्याच तिच्या अटी. येथे व्यक्ती सुटते, पण पाडा सापडतो: 'अमुक वस्ती कर्जात बुडालेली' हा निष्कर्ष कोणा एकाविषयी नसल्याने अटीचा भंग होत नाही, मजुरीचा भाव मात्र साऱ्या वस्तीचा पडू शकतो.

याच कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याची तरतूद आहे. कातकरी बोली त्या अनुसूचीत नाही. (सूट लागू झाल्यास ही सूचनाही बंधनकारक उरत नाही, हे वेगळेच.) कायद्याने संमती मागे घेण्याचा हक्क दिला आहे; पण दिवाळीनंतर भट्टीवर गेलेल्या कुटुंबाने तो कोणाकडे बजावावा?