गोंगाटासकट

गोंडपिपरीजवळच्या मंडईत बाबांनी झाडीपट्टी नाटकातलं एक पद मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. ते गेल्यावर मी सॉफ्टवेअरनं त्यातला गोंगाट काढला. ऑर्गन स्वच्छ झाला. ‘वन्स मोअर’ ओरडणारे बाबाही पुसले गेले.

‘चीप ट्रिक’ या अमेरिकन बँडचं ‘आय वॉन्ट यू टू वॉन्ट मी’ ऐकताना हे नेहमी आठवतं. १९७७चं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग नीटनेटकं, जरा संथ. अमेरिकेत ते चाललंच नाही. १९७८मध्ये जपानच्या दौऱ्यात तेच गाणं त्यांनी वेगात वाजवलं आणि ते लाइव्ह रेकॉर्डिंग १९७९मध्ये अमेरिकेत सातव्या क्रमांकावर पोचलं. वेगामुळे फरक पडला, मान्य. पण खरी जादू प्रेक्षकांतल्या पोरींची. गायकाचा शब्द त्या किंचाळत त्याच्याकडेच परत फेकतात. गाणं आहे विनवणीचं. स्टुडिओत हा गडी एकटाच गयावया करत होता, इथं त्याला हजारो जणी उत्तर देतात. त्या किंकाळ्या काढल्या, तर गाण्याचा अर्थच बदलतो.

झाडीपट्टीतलं पदही असंच, अर्धं मंडपातलं. हे मला फार उशिरा कळलं.

मूळ फाइल बाबांच्या जुन्या फोनमध्ये आहे. तो फोन अजून चालू झालेला नाही.