राजीनाम्याआधीचा हिशोब

चिंचवडच्या एका उन्हाळी व्याख्यानमालेत काही वर्षांपूर्वी एका तरुण प्रवाशाचे भाषण ऐकले. हिंजवडीतली पक्की नोकरी सोडून तो जग बघायला निघाला होता. वाटेत मिळेल तिथे बसून लॅपटॉपवर सुटी कामे करायची आणि पुढच्या देशाच्या तिकिटापुरते पैसे जमवायचे, असा त्याचा क्रम होता. भाषण चांगले झाले. प्रश्नोत्तरे सुरू झाल्यावर मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. टूलरूममधून निवृत्त झालेले. म्हणाले, "तुम्ही गेलात तेव्हा घराचा हप्ता कोण भरत होतं?" तरुणाने मोकळेपणाने सांगितले, "हप्ता नव्हता काका. घर वडिलांचं आहे. तीस वर्षं कंपनीत होते ते." सभागृह हसले आणि पुढचा प्रश्न व्हिसाविषयी आला.

मला मात्र तो पहिला प्रश्न सोडवेना. त्यानंतर मी मराठीतली काही जुनी-नवी प्रवासाची पुस्तके पुन्हा काढली आणि या खेपेस ती केवळ हिशोबासाठी वाचली. निघताना पैसे कुठून आले, मागे घर कोणी सांभाळले, परतल्यावर हाती काय उरले, एवढेच पाहत गेलो. या वाचनातून जे हाती लागले ते असे : प्रवासाच्या पुस्तकातला हिशोब हा किरकोळ तपशील नसतो, लेखकाने पत्करलेला धोका त्यावरूनच मोजता येतो. जिथे तो लिहिलेला आहे तिथे घर सोडण्याला वजन येते. जिथे तो गाळला आहे तिथे धाडसाची भाषा उरते, धाडस किती होते ते कळत नाही.

कर्जातून निघालेला प्रवास

सुरुवात विष्णुभट गोडसे यांच्यापासून करावी लागते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला तो देश बघण्याच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे विद्वान ब्राह्मणांना चांगली दक्षिणा मिळेल, ही बातमी कानावर आली आणि काकांबरोबर तो बाहेर पडला. वाटेत बंडाने गाठले. झाशीचा वेढा त्याने शहराच्या आत राहून पाहिला, मिळवलेले लुटारूंच्या हाती गेले, पुन्हा मिळवले, पुन्हा गेले. काही वर्षांनी तो घरी आला तेव्हा ज्या कर्जासाठी निघाला होता ते फेडण्याइतके द्रव्य गाठीस नव्हते. गंगेचे पाणी मात्र होते.

भिक्षुकीला आपण आज नोकरी म्हणणार नाही, आणि म्हणूच नये. ती आमंत्रणावर चालणारी वृत्ती होती. बोलावणे आले तर काम, काम झाले तर दक्षिणा, दक्षिणा यजमानाच्या मर्जीवर. आज ज्याला फ्रीलान्स म्हणतात त्याची सगळी लक्षणे यात सापडतात. फरक एवढाच की गोडसे भटजींना त्यात स्वातंत्र्य दिसत नव्हते. ते दक्षिणेचे आकडे लिहितात, कोणी काय दिले, कुठे काय गेले ते सांगतात. 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली भाषेवर आणि मजकुरावर संपादकीय हात फिरवून छापले आणि १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पाठ प्रसिद्ध केला. इतिहासाचे साधन म्हणून या पुस्तकाची पुष्कळ चर्चा झाली. पण झाशीच्या वर्णनाने आपण हलतो याचे एक कारण असे, की वर्णन करणाऱ्याच्या कमरेला बांधलेल्या पैशाची आपल्याला आधीपासून काळजी लागलेली असते. हिशोब काढून टाकला तर हा माणूस केवळ साक्षीदार उरेल.

पुस्तक विकून काढलेले तिकीट

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तिकिटाला पैसा कुठून आला? आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. समारंभ संपला, पण त्या थांबल्या. गावोगाव व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून विकले. १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' मराठीत प्रसिद्ध झाले.

विधवा बाईने, पदरी मूल असताना, लेखणी आणि वाणी यांच्या जोरावर दोन खंड पाहिले. घरी वाट पाहणारा पगार नव्हता, वडिलार्जित घर नव्हते. सुट्या कामावर जगत जग पाहण्याचे इतके उघडे आणि अवघड उदाहरण आपल्याकडे दुसरे चटकन आठवत नाही. तरीही 'नोकरी सोडून प्रवास' या विषयावर आज बोलणारे परदेशी नावे घेतात, रमाबाईंचे घेत नाहीत. धर्मांतराच्या वादात त्यांचे प्रवासवृत्त मागे पडले, हे एक कारण आहेच. दुसरे मला असे वाटते की त्यांचा प्रवास स्वतःसाठी नव्हता, आणि स्वतःचा शोध घेणाऱ्यांना तो आपला वाटत नाही.

रजेवरचा प्रवास

विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र पालटते. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले, 'पूर्वरंग' त्यानंतर. 'अपूर्वाई'मागचा प्रवास आकाशवाणीत असताना मिळालेल्या परदेशी प्रशिक्षणामुळे घडला. मीना प्रभू लंडनमध्ये स्थायिक झालेल्या डॉक्टर. 'दक्षिणरंग', 'मेक्सिकोपर्व', 'चिनी माती', 'तुर्कनामा' या त्यांच्या पुस्तकांनी मराठी वाचकाला एकटीने फिरणारी, न घाबरणारी बाई दिली. या लेखकांनी नोकरी सोडल्याचा दावा कुठे केलेला नाही, म्हणून त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र या पुस्तकांनी एक वाचक घडवला. परतीचे तिकीट खिशात आहे हे त्याने गृहीत धरले. पैशाची चिंता विनोदापुरती किंवा दुकानातल्या घासाघिशीपुरती उरली. नव्वदीनंतर नोकरी सोडून निघालेल्यांची पुस्तके आणि भाषणे आली तेव्हा याच वाचकाने ती त्याच सवयीने घेतली. राजीनाम्याचा प्रसंग रंगून सांगितला जातो; साहेबाचा चेहरा, आईचे रडणे, मित्रांची थट्टा सगळे येते. बँकेत किती होते ते येत नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रवासवर्णन म्हणजे खतावणी नव्हे. वाचक विस्मयासाठी वाचतो, जमाखर्चासाठी नाही. मला तो निम्माच मान्य आहे. ज्या पुस्तकाचा विषय देश आहे त्याने हिशोब न दिला तरी चालते. ज्या पुस्तकाचा विषय 'मी सगळे सोडले' हा आहे त्याला सगळे म्हणजे किती, हे सांगावेच लागेल.

मागे राहिलेला पगार

हे सांगणारा लेखक मराठीत होऊन गेला आहे. अनिल अवचट वैद्यकीची पदवी घेऊन तो व्यवसाय न करता फिरत राहिले. बिहारच्या दुष्काळातून 'पूर्णिया' हे १९६९ चे पहिले पुस्तक आले, पुढे हमालांपासून विणकरांपर्यंत अनेकांच्या वस्त्या त्यांनी पालथ्या घातल्या. हे शक्य कशामुळे झाले ते त्यांनी कधी लपवले नाही. डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या, घर त्या पगारावर चालत होते आणि मुलींचे, घरातले पुष्कळसे अवचट पाहत होते. एका मुक्त लेखकामागे एक सरकारी नोकरी उभी होती. हे कळल्याने अवचटांचे लेखन लहान होत नाही. उलट साधेपणा आणि खर्च न वाढवण्याचा हट्ट, ज्याविषयी ते वारंवार लिहितात, ती त्या घराने मिळून पाळलेली शिस्त होती हे ध्यानात येते.

आमच्या पट्ट्याच्या शेजारचे नाव गो. नी. दांडेकरांचे. लहानपणीच घर सोडलेला, नर्मदेची परिक्रमा केलेला, पुढे तळेगाव दाभाड्यात राहून लेखणीवर संसार करणारा हा माणूस. 'स्मरणगाथा'ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचा 'माचीवरला बुधा' मुंबई सोडून राजमाचीवर परततो. जग पाहायला न जाता डोंगराकडे परतण्यासाठी शहर सोडणारा नायक मराठी वाचकाने मनापासून स्वीकारला, आणि तोही कशासाठी जगतो, काय खातो, हे कादंबरी सांगते. ज्या काळात गोनीदा तळेगावात बसून लिहीत होते त्याच काळात खालच्या अंगाला पिंपरीपासून कारखाने उभे राहत होते.

'पर्मनंट' या शब्दाचा गाव

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. या शहराच्या मराठीत 'पर्मनंट' हा शब्द लग्नाच्या पत्रिकेइतका महत्त्वाचा होता. पर्मनंट झालेल्यास मुलगी मिळे, सोसायटीचे कर्ज मिळे, पोराला इंजिनिअरिंगला घालता येई. व्याख्यानमालेतल्या तरुणाचे वडील याच पिढीचे. मुलगा राजीनामा देऊ शकला, कारण वडिलांनी तीस वर्षे दिला नाही. हे वाक्य त्या तरुणाला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. त्याने विचारल्याबरोबर खरे सांगितले. त्याच्या भाषणात ते आपणहून यायला हवे होते, एवढेच म्हणणे आहे.

त्याच शहरात नोकरी सुटण्याचे दुसरेही प्रकार आहेत. आकुर्डीत बजाज ऑटोचे उत्पादन २००७ साली थांबले तेव्हा स्वेच्छानिवृत्ती हा शब्द घराघरांत बोलला गेला. 'स्वेच्छा' या शब्दाचा तिथला अर्थ आणि प्रवासाच्या पुस्तकातला अर्थ एक नव्हे. पुढे कारखाने चाकणकडे सरकले तसा कामाचा करार बदलला. २४० दिवसांची सलग सेवा झाली की कायम करण्याची तरतूद महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत असल्याने २४० हा आकडा कामगारांच्या तोंडी असतो. म्हणूनच सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे इथल्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भातून आलेली मुले चार-चार, सहा-सहा मिळून राहतात. एक कंपनी संपली की ठेकेदार बदलून दुसरी. कामातून काम, गावातून गाव. प्रवासी पुस्तकांत ज्याला मुक्त जगणे म्हणतात त्याची बाहेरची रूपरेषा यांच्या आयुष्यात जशीच्या तशी आहे. पण यांना सोडायला नोकरीच नाही, म्हणून यांच्या भटकण्याला कोणी प्रवास म्हणत नाही.

समीक्षकाचे काम इथे सुरू होते असे मला वाटते. 'नोकरी सोडली' या वाक्यात कर्ता दिसतो, पण ते शक्य करणारा दिसत नाही. गोडसे भटजींच्या मागे कर्ज होते, रमाबाईंच्या मागे काहीच नव्हते, अवचटांच्या मागे सुनंदाबाई होत्या, व्याख्यानातल्या तरुणाच्या मागे वडील होते. चौघांचे निघणे सारखे मानून एकाच कौतुकाच्या मापाने मोजणे ही वाचनातली चूक आहे. नव्या पुस्तकांचे परीक्षण करताना किती देश झाले याआधी निघताना काय होते हे विचारले, तर लेखकही ते लिहू लागतील.

आणि उलट बाजूचे एक पुस्तक अजून मला सापडलेले नाही. परभणी किंवा वाशीमहून चाकणला आलेल्या, आठ-दहा ठेकेदार बदललेल्या मुलाने आपल्या फिरण्याचे लिहिलेले. रोजाचे आकडे, खोलीभाड्याचा वाटा, ब्रेकच्या महिन्यात गावी गेल्यावर काय सांगितले ते सगळे असलेले. असे काही कोणी लिहून ठेवले असेल, वहीतले का असेना, तर मला ते वाचायचे आहे.