तिच्याच शब्दांत निरोप

कॅन्सरनं कोणी गेलं की आपल्याकडे बातमीचं वाक्य तयारच असतं: ‘कर्करोगाशी सुरू असलेली झुंज अखेर संपली.’ मग स्टेटसवर फोटो, खाली ‘तू फायटर होतीस’. लिहिणाऱ्यांचं दुःख खरं असतं, त्याबद्दल शंका नाही. पण फोटो बदलला तरी मजकूर तोच चालतो, ही माझी तक्रार आहे. गेलेलं माणूस त्या मजकुरात सापडत नाही.

‘ऑलवेज, रेचल’ वाचताना ही तक्रार पक्की झाली. ‘सायलेंट स्प्रिंग’ची लेखिका रेचल कार्सन आणि तिची मैत्रीण डोरोथी फ्रीमन यांचा 1952 ते 1964 या काळातला हा पत्रव्यवहार. डोरोथीची नात मार्था फ्रीमन हिनं तो संपादित केला आणि 1995 मध्ये पुस्तक आलं. अमेरिकेतल्या मेन राज्यात, साउथपोर्ट बेटावर दोघींची उन्हाळ्यातली घरं जवळजवळ होती. भेटी थोड्या आणि पत्रं भरपूर. पुष्कळदा एका पाकिटात दोन पत्रं असत: एक घरच्यांनाही वाचून दाखवता येईल असं, दुसरं फक्त मैत्रिणीसाठी.

1960 च्या एप्रिलमध्ये रेचलचा स्तन शस्त्रक्रिया करून काढला. तेव्हा डॉक्टरांनी तिला खरं निदान सांगितलं नाही. कॅन्सर पसरलाय हे तिला कळलं ते त्याच वर्षाच्या शेवटी, दुसऱ्या डॉक्टरांकडून. ‘सायलेंट स्प्रिंग’चं लेखन तेव्हा अर्धवट होतं. 1962 मध्ये पुस्तक आलं आणि कीटकनाशक कंपन्या तिच्यावर तुटून पडल्या. पुस्तकात रसायनं आणि कॅन्सर यांच्या संबंधाची चर्चा होती. लेखिकेलाच कॅन्सर आहे हे बाहेर फुटलं असतं, तर ‘बाई वैयक्तिक रागातून लिहितेय’ म्हणायला विरोधक मोकळे झाले असते. म्हणून तिनं आजार लपवला. 1963 मध्ये ती सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेली, तीही कोणाला काही कळू न देता. कोणी विचारलं तर मी छान दिसते असंच सांग, असं ती डोरोथीला पत्रातून विनवते.

आता खरा प्रश्न. जिनं एवढ्या कष्टानं गुपित राखलं, तिची पत्रं छापणं हा तिचा सन्मान की विश्वासघात? वाचताना मला अनेकदा अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्याचा फोन उघडल्यासारखं. तरी माझा कौल छापण्याच्या बाजूनं आहे. दोघींनी काही पत्रं स्वतःच नष्ट केली होती; म्हणजे आपल्या मागं ही पत्रं कोणीतरी वाचेल याचं भान त्यांना होतं. जी उरली ती राहू दिलेली आहेत, असं मी धरते. शिवाय ज्या कारणासाठी गुपित होतं, ते 1995 पर्यंत मागं पडलं होतं. उलट आजार झाकलेलाच राहिला असता, तर ते पुस्तक कोणत्या शरीरानं लिहिलं हे आपल्याला कधीच कळलं नसतं.

पुस्तकात उणीव आहेच. रेचलची पत्रं जास्त, डोरोथीची कमी. त्यामुळे काळजी घेणारीचा आवाज दबतो. मैत्रिणीच्या आजारपणात तिच्यावर काय गुदरलं, हे बरंचसं रेचलच्या उत्तरांवरून ताडावं लागतं. गेलेल्या माणसाची आठवण जपणाऱ्यांचं नेहमी असंच होतं. नोंद त्याची राहते, यांची राहत नाही.

14 एप्रिल 1964 रोजी रेचल गेली, वयाच्या 56 व्या वर्षी. तिला साधा विधी हवा होता. भावानं वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये मोठा समारंभ केला. त्यानंतर मित्रमंडळी ऑल सोल्स या युनिटेरियन चर्चमध्ये जमली. तिथं धर्मगुरू डंकन हाउलेट यांनी भाषणाऐवजी एक पत्र वाचलं. 1963 च्या सप्टेंबरमध्ये रेचलनं ते डोरोथीला लिहिलं होतं. त्या सकाळी दोघींनी किनाऱ्यावर बसून स्थलांतर करणारी मोनार्क फुलपाखरं पाहिली होती. त्यांतली बहुतेक परतणार नव्हती, आणि तरी ते पाहताना दोघींना दुःख झालं नव्हतं. फुलपाखराचं आयुष्य महिन्यांत मोजतात, आपलं वेगळ्या मापानं; पण ते संपणं तितकंच स्वाभाविक, असा पत्राचा आशय. पुढं तिच्या रक्षेचा एक भाग आईच्या कबरीशेजारी पुरला गेला, दुसरा डोरोथीनं साउथपोर्टच्या समुद्रात सोडला.

त्या पत्रात झुंज नाही, हार नाही, जीतही नाही. तिथं जमलेल्यांनी रेचलला कोणतंही विशेषण चिकटवलं नाही. तिनं मरणाबद्दल काय विचार केला होता, तेवढं त्यांनी ऐकलं. मला या पुस्तकातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि ते कोणालाही जमण्यासारखं आहे. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये गेलेल्या मैत्रिणीचे मेसेज असतात: शिव्या, रेसिपी, रात्री अडीचला पाठवलेली व्हॉइस नोट. तिला नको असलेलं वगळून त्यातलं एखादं चार जणींनी मिळून ऐकावं. ‘फायटर’ कोणालाही म्हणता येतं, ती व्हॉइस नोट मात्र तिचीच असते.