पाणवठा खुला, ओंजळ कोणाची?

या नियतकालिकाच्या पानांवर कविता, कथा, आत्मकथने यांची समीक्षा होते. आज मी एका वेगळ्या वाङ्मयाची समीक्षा करू इच्छितो. जगभरचे सॉफ्टवेअर लिहिणारे लोक ते रोज वाचतात. त्यावर त्यांची भाकर चालते, आणि इंटरनेटवर ते कोणालाही वाचता येते. स्टॅक ओव्हरफ्लोवरची प्रश्नोत्तरे, गिटहबवरचे कोडचे साठे, एमडीएनवरची वेब-तंत्राची माहिती, फ्रीकोडकॅम्पचे धडे. याला वाङ्मय म्हणायचे, कारण यात लेखक आहे, वाचक आहे, भाषा आहे, आणि लेखक कोणाला मानायचे याचे संकेतही आहेत. जिथे संकेत असतात तिथे सत्ता असते. मग समीक्षेने तिथे का जाऊ नये?

मी तालुक्याच्या गावी संगणकशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गातली पुष्कळ मुले घरातली पहिलीच शिकणारी, मीही तसाच. 'आता ज्ञान कोणाच्या मालकीचे राहिलेले नाही, ज्याला हवे त्याने घ्यावे' असे व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. हे विधान खोटे नाही. ते अर्धे खरे आहे, आणि अर्धी सत्ये आपल्या समाजाला फार महाग पडलेली आहेत.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव मंजूर केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. ओंजळ मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली भरली गेली. मधली तीन वर्षे तळे 'खुले'च होते! इंटरनेटवर कोणी लाठ्या घेऊन उभा नाही, हे मला मान्य आहे. पण ठराव आणि ओंजळ यांच्यातले अंतर कसे असते हे महाडइतके स्पष्ट कोणी शिकवलेले नाही, म्हणून हे माप मी इथे लावतो.

आधी या वाङ्मयाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम वापरण्याचा, तो उघडून अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क सर्वांना असावा, ही त्यामागची भूमिका. १९९१ साली लिनस टॉरवॉल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. विद्या लपवून ठेवणे हाच ज्या समाजव्यवस्थेचा पाया होता, तिच्या तळाशी असलेल्या माणसाला ही कल्पना क्रांतिकारक वाटलीच पाहिजे. स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तर देणाऱ्याला कोणी आडनाव विचारत नाही, गुण उत्तराला मिळतात. तिथेही उतरंड आहे, पण ती चढता येते. जातीची उतरंड चढता येत नाही. हा फरक लहान नाही.

पण इंग्रजीतल्या 'फ्री' या एका शब्दात दोन अर्थ दडलेले आहेत. मराठीत ते सुदैवाने वेगळे आहेत: फुकट आणि मुक्त. ही साधने फुकट आहेत यात वाद नाही. आमच्या मुलांसाठी ती मुक्त आहेत काय?

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम अडला. त्याने आपला प्रश्न आधी वहीत मराठीत लिहिला. मग इंग्रजीत लिहिला. मग चुका दुरुस्त करून पुन्हा इंग्रजीत लिहिला. वही पाहून मी म्हणालो, "समजण्याजोगं आहे, टाक." तो म्हणाला, "नको सर. लोक हसतील. अन् तिथं ते कायमचं राहतं." प्रश्न वहीतच राहिला. त्याला कोणी हाकलले नव्हते. त्याला अडवणारा त्याच्या आत बसलेला होता, आणि तो तिथे कोणी बसवला हे या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको.

ही भीती केवळ आमच्या मुलांची नाही. नवख्यांना, स्त्रियांना आणि कडेला राहिलेल्या इतरांना आपली जागा आपलेपणाची वाटत नाही, अशी जाहीर कबुली २०१८ साली स्टॅक ओव्हरफ्लोच्या चालकांनीच दिली. तिथे बराच काळ नियम असा होता की, प्रश्न वा उत्तर कोणीही लिहावे, पण दुसऱ्याच्या उत्तराखाली शंका लिहायची तर आधी ५० गुण मिळवावे. गोंधळ टाळण्यासाठी असा नियम लागतो, हे शिक्षक म्हणून मला कळते. पण गुण मिळवायला फुरसत लागते, इंग्रजी लागते, स्वतःचा संगणक लागतो. ज्याच्याकडे घरात एकच मोबाईल आहे त्याने फुरसत कुठून आणायची?

भाषेचेही तसेच. एमडीएनची माहिती स्वयंसेवकांनी स्पॅनिश, फ्रेंच, जपानी, कोरियन, रशियन, चिनी, पोर्तुगीज या भाषांत नेली. त्या यादीत मराठी नाही. यंत्राची यात हरकत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, आणि पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत 'मजुरी' असे देवनागरीत लिहिलेले चलाचे नाव बिनतक्रार चालते. यंत्राला विटाळ ठाऊक नाही. लिहिणारी माणसे नाहीत, एवढेच.

आणि फुकट दिलेल्या श्रमाचे पुढे काय होते? २०१८ साली मायक्रोसॉफ्टने गिटहब ७५० कोटी डॉलरना घेतले. २०२१ साली प्रोसस कंपनीने स्टॅक ओव्हरफ्लो १८० कोटी डॉलरना घेतले. ज्यांच्या उत्तरांमुळे त्या जागेला किंमत आली, त्या उत्तरे लिहिणाऱ्यांना त्या कामाची मजुरी कधी नव्हतीच. २०२४ साली ओपनएआयशी करार होऊन हा साठा यंत्राच्या शिक्षणाकडेही वळला. बिनमोल राबण्याचा अर्थ आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. इथले राबणे स्वेच्छेचे आहे, वेठीचे नाही. तरी नफा कोणाच्या गाठी पडतो हा प्रश्न उरतोच.

आता यंत्रच उत्तर देते, आणि मराठीतही देते. माझा तो विद्यार्थी आज त्याला बिनधास्त विचारतो. त्याची लाज गेली, हे थोडे नाही. पण चवदार तळ्यावर आपण केवळ पाणी पिण्यासाठी गेलो नव्हतो. इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी गेलो होतो. जे कोणी लिहून ठेवले त्यावर यंत्र पोसले गेले. आपण लिहिले नाही, म्हणून आपली अडचण, आपला शब्द, आपले उदाहरण त्यात नाममात्र आहे. एकांतात पाणी मिळाले. पाणवठ्यावर उभे राहून बोलणे अजून बाकी आहे.

दलित साहित्य वाचनातून जन्मले नाही. दुसऱ्यांच्या पुस्तकातला विषय असलेला माणूस स्वतः लेखणी घेऊन बसला तेव्हा ते जन्मले. तेच इथे करावे लागेल. इंग्रजी सोडा असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांच्या वारसांना ते शोभणारही नाही. पण इंग्रजीपर्यंत पोचायला पायरी हवी, आणि ती चालत्या मराठीची हवी. 'आज्ञावली', 'संकेतस्थळ', 'प्रणाली' असल्या संस्कृताळलेल्या भाषेत लिहाल तर एक भिंत पाडून दुसरी बांधाल. पोरे 'एरर' म्हणतात, 'लूप' म्हणतात, तसेच लिहा.

आमच्या वर्गाने यंदा 'चुकांची वही' सुरू केली आहे. प्रोग्रॅम अडला की पडद्यावर कोणता संदेश येतो, त्याचा अर्थ काय, आपण काय केले, एवढेच त्यात साध्या मराठीत लिहायचे. वही गिटहबवर ठेवली आहे. कोणीही वाचावी, दुरुस्त करावी. पहिली नोंद त्या वहीत राहिलेल्या प्रश्नाची आहे. नाव घालू का, असे मी त्याला विचारले. दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच, आडनावासकट, घातले.