‘चिनी का रौझा’ : नाव आणि वास्तू

आग्र्यास यमुनेच्या पूर्व तीरावर, इतमाद-उद्-दौल्याच्या कबरीच्या उत्तरेस काही अंतरावर, ‘चिनी का रौझा’ नावाची वास्तू उभी आहे. शाहजहानचा वजीर अफझल खान (मूळचा मुल्ला शुक्रुल्ला शिराझी) १६३९ मध्ये लाहोर येथे मरण पावला. त्याचे दफन येथे झाले. ताजमहालावरील लेखांचा लिपिकार अमानत खान हा त्याचा भाऊ. त्या लेखांपुढे रोज हजारो प्रवासी उभे राहतात; या कबरीकडे मात्र क्वचितच कोणी वळतो.

जे वळतात त्यांचा अभिप्राय बहुधा ताजच्या तुलनेतून सिद्ध झालेला असतो : घुमट बसका, भिंती उघड्या, एकूण वास्तू उतरत्या प्रतीची. यांपैकी घुमटावरील आक्षेप मान्य केला पाहिजे. त्याची मान आखूड असल्याने तो खालील चौरस इमारतीवर जड वाटतो. परंतु उरलेला निर्णय मान्य करण्यापूर्वी त्याचे माप तपासणे अवश्य आहे. वास्तूचे रूढ नावच येथे दोन पुरावे पुढे ठेवते.

पहिला शब्द ‘चिनी’. आपल्या ‘चिनी माती’तील विशेषणच येथे झिलईदार रंगीत फरश्यांचा वाचक झाला आहे. या कामास ‘काशीकारी’ म्हणतात. त्यातील ‘काशी’चा वाराणसीशी संबंध नसून ती इराणातील काशान नगरीची खूण होय. निरनिराळ्या रंगांचे तुकडे कापून ते गिलाव्यात एकमेकांलगत बसवावयाचे, ही तिची रीत. संगमरवरात जे काम कोरीवपणा व छाया करतात, ते येथे सपाट पृष्ठावरील रंगाने करावयाचे असते. म्हणून भिंतीचा साधेपणा हा दोष ठरत नाही. तो रंगासाठी तयार केलेला पट होय. लोकांच्या तोंडी धन्याचे नाव मागे पडून द्रव्याचे नाव टिकले, ते उगीच नव्हे.

दुसरा शब्द ‘रौझा’. मूळ अरबी ‘रौदा’ म्हणजे उद्यान. मदिनेच्या मशिदीतील प्रेषितांच्या कबरीलगतच्या जागेस हे नाव आहे; तेथून शब्दास ‘पूज्य कबर’ व पुढे ‘कबर’ हा अर्थ आला. मराठी वाचकास खुलदाबादचे ‘रौझा’ हे जुने नाव आठवेल. या अर्थांतरात उद्यान लोपले, कबर उरली.

आग्र्यातही तेच घडले. मोगल आग्रा ही यमुनेच्या दोन्ही काठांवरील उद्यानांची नगरी होती, हे एब्बा कोख यांच्या २००६ च्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. अशा उद्यानात मुख्य इमारत मध्यभागी न ठेवता नदीकडील चौथऱ्यावर ठेवीत; ताजची रचनाही हीच. अफझल खानाची कबर या नदीकाठच्या उद्यानमालेतील होय. ती एकाकी इमारत म्हणून पाहणे म्हणजे वाक्यातून शब्द तोडून त्याचा अर्थ लावणे होय.

तात्पर्य, आज ज्या वास्तूचे दोष सांगितले जातात तिचे बरेचसे कातडे गळून पडले आहे आणि भोवतालची उद्यानमाला विरून गेली आहे. एडमंड स्मिथ यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेली येथील रंगकामाची चित्रे समोर ठेवून, भिंतींवर उरलेले तुकडे प्रथम पाहावेत आणि मग नदीच्या बाजूने इमारत न्याहाळावी. त्यानंतरही घुमट बसकाच वाटेल. पण वास्तूला उतरत्या प्रतीची म्हणणे कठीण जाईल.