मराठी ग्रंथ आणि त्याचें अक्षर

ग्रंथपरीक्षणाच्या शेवटीं ‘कागद, छपाई व बांधणी समाधानकारक आहे’ असें एक वाक्य लिहून टीकाकारानें लेखणी खालीं ठेवावी, हा आमच्या मासिकवाङ्मयांतील जुना शिरस्ता आहे. कवीच्या एका विशेषणासाठीं चार पानें खर्च करणारा टीकाकार, तें विशेषण ज्या अक्षरांनीं वाचकाच्या डोळ्यांपुढें येतें त्यांविषयीं चार शब्दांपलीकडे बोलत नाहीं. जणूं ग्रंथाचें अक्षर ही छापखानेवाल्याची घरगुती बाब आहे, आणि साहित्याशीं तिचा कांहीं संबंध नाहीं! आमचें मत ह्याच्या उलट आहे. ग्रंथ कोणत्या अक्षरांत छापावा ही निवड वाङ्मयीन निवड आहे. तिला रसिकता लागते, विवेक लागतो, आणि ती चुकली तर भाषेचेंच नुकसान होतें. तें नुकसान सध्यां मराठींत रोज होत आहे, म्हणून ह्या विषयाचा थोडा विस्तारानें परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अक्षराचें रूप आकाशांतून पडत नाहीं. तें हत्यारांतून आणि हातांतून निघतें. पवनमावळांत तिकोना ऊर्फ वितंडगड ह्या किल्ल्याच्या पायथ्याशीं तिकोणा पेठ हें गांव आहे. त्याच टापूंत बेडसे, आणि डोंगरांपलीकडे भाजे व कार्ले येथें लेणीं आहेत. तेथील खडकांवर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेले ब्राह्मी लेख अद्याप दिसतात. बेडशाच्या एका लेखांत नाशिकच्या आनंद नांवाच्या श्रेष्ठीच्या पुत्रानें दिलेल्या दानाची नोंद आहे. त्या अक्षरांना शिरोरेषा नाहीं, जाड रेघ आणि बारीक रेघ असा भेद नाहीं. छिन्नीला जें साधतें तेंच त्यांचें सौंदर्य. पुढें बोरू आला. त्याच्या तिरप्या कापानें एक रेघ जाड आणि दुसरी बारीक होऊं लागली, आणि पोथ्यांतून आपलें बाळबोध वळण घडत गेलें. छापखान्याचा खिळा हा ह्याच परंपरेंतील पुढचा टप्पा होय. ज्या खिळ्यानें बोरूची आठवण ठेविली तो मराठी वाचकाला आपला वाटला.

असा खिळा मराठीला सहजासहजीं लाभला नाहीं. १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें फादर स्टीफन्स ह्यांचें ‘क्रिस्तपुराण’ छापलें गेलें, तें रोमन अक्षरांत. नागरी खिळे तेथें नव्हते. १८०५ सालीं विल्यम केरी ह्यांचें मराठी व्याकरण नागरी खिळ्यांनीं निघालें, पण तें बंगाल्यांत, श्रीरामपूर येथें. त्यांच्याच १८१० सालच्या मराठी कोशाला मोडी खिळे वापरले गेले. १८३१ सालीं मुंबईस गणपत कृष्णाजी ह्यांनीं पंचांग छापलें, तें शिळाछापावर. पुढें अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम ह्यांनीं नागरी खिळ्यांची सुधारणा केली. त्याच छापखान्यांत लहानपणीं उमेदवारी केलेले जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) ह्यांनीं १८६४ सालीं खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला.

जावजींना राणोजी रावजी आरू हे कुशल सहकारी लाभले. पोलादाच्या टोकावर अक्षर उलटें कोरावयाचें, तो ठसा तांब्यांत ठोकून साचा करावयाचा, आणि त्या साच्यांत शिशाचा मिश्र रस ओतून खिळा पाडावयाचा, असें हें काम. निर्णयसागरी अक्षर पाहिलें कीं पहिली गोष्ट जाणवते ती त्याची समता. पान थोडें दूर धरून पाहिलें तर शाई सर्वत्र सारखी पसरलेली दिसते; कोठें काळा डाग नाहीं, कोठें भगदाड नाहीं. अक्षरांची पोटें मोकळीं, गांठी स्पष्ट आणि जोडाक्षरें घट्ट बांधलेलीं. ‘काव्यमाले’तील संस्कृत ग्रंथांत लांबच लांब समास असूनहि डोळा अडखळत नाहीं, ह्याचें श्रेय संपादकाइतकेंच खिळा कोरणाऱ्यालाहि द्यावें लागेल.

ह्या सुबकपणाची किंमत मात्र जुळाऱ्याला मोजावी लागे. रोमन लिपीचें काम दोन पेट्यांत भागतें. नागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरें धरून शेंकडों घरें लागत. अक्षर व त्याचें चिन्ह एकत्र ओतलेले ‘अखंड’ खिळे घ्यावे, तर घरें वाढत. अक्षर आणि खालवरचीं चिन्हें निरनिराळीं ओतलेले ‘डिग्री’ खिळे घ्यावे, तर घरें कमी होत, पण जुळणी नाजूक होई. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत हरि गोविंद गोविल ह्यांच्या खटपटीनें नागरी लिपी लायनोटाइप यंत्रावर आली. त्या यंत्राला कळा अवघ्या ९०. तेव्हां अक्षरें कमी करा, जोडाक्षरें आडवीं मोडा, अशी हांक उठली. सावरकरांनीं ‘अि’, ‘अी’, ‘अु’ अशी स्वरांची मांडणी पुरस्कारिली, ती ह्याच काळांत. ह्या सुधारकांची टवाळी करण्यांत अर्थ नाहीं. लिपी यंत्रावर चढली नाहीं तर भाषा मागें पडेल ही त्यांची भीति खरी होती, आणि त्यांनीं सुचविलेले उपाय त्या यंत्राच्या मर्यादेंत तर्कशुद्ध होते.

परंतु तें यंत्र गेलें. शिशाचे खिळे गेले, नव्वद कळा गेल्या, जुळाऱ्याच्या पेट्याहि गेल्या. आज संगणकावरील एका टंकांत हजारों अक्षररूपें सुखानें राहतात आणि जोडाक्षर बांधण्यास एका पैचाहि जादा खर्च येत नाहीं. मग मोडतोड कां चालू आहे? अडचणीच्या काळांत पत्करलेली तडजोड अडचण संपल्यावरहि रीत म्हणून पाळावी, ह्याला आम्ही सुधारणा म्हणत नाहीं. तो निव्वळ आळस आहे.

एक उदाहरण घेऊं. मावळांतील गडकोटांचें वर्णन करणारी एक पुस्तिका अलीकडे आमच्या पाहण्यांत आली. मजकूर श्रमपूर्वक लिहिलेला, चित्रें चांगलीं. पण अक्षर पाहून मन खिन्न झालें. ‘मावळ’ ह्या नांवांतच ‘ळ’ आहे. ज्या भाषेला ह्या वर्णाची फारशी गरज नाहीं तिच्यासाठीं आंखलेल्या टंकांत तो मागाहून डकविल्यासारखा दिसतो, तसाच येथें दिसत होता. ‘लोहगड’, ‘किल्ला’, ‘शिलालेख’ ह्या शब्दांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. ‘दऱ्याखोऱ्यांतून वाट जाते’ असें लेखकाला म्हणावयाचें होतें. छापलें गेलें ‘दर्याखोर्यांतून’. दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा आणि दर्या म्हणजे समुद्र, हें मराठी घरांतील पोरालाहि ठाऊक आहे. पण त्या पुस्तिकेनें सह्याद्रींत समुद्र आणून सोडला! ‘उद्ध्वस्त’ हा शब्द गडांच्या वर्णनांत पानोपानीं यावयाचाच. तेथें जोडाक्षर फुटून ‘द’ पाय मोडून उभा होता. पडला होता तो तट, आणि लंगडें झालें तें अक्षर.

ह्यांत दोष लेखकाचा नाहीं, आणि संगणकाचाहि नाहीं. युनिकोड संकेतांत ‘ल’ ह्या वर्णाला एकच क्रमांक आहे. तो पाकळीचा दिसावा कीं दंडाचा, हें टंकाच्या घडणीवर आणि मजकूर मराठी आहे असें यंत्राला सांगितलें आहे कीं नाहीं, ह्यावर ठरतें. ‘ऱ्य’ उमटविण्याची सोयहि त्या संकेतांत आहे. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं मराठीसाठीं प्रमाण वर्णमाला ठरविली, आणि २०२२ सालच्या निर्णयानें पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ हीं रूपें विहित केलीं. बापूराव नाईक ह्यांनीं तर १९७१ सालींच देवनागरी मुद्राक्षरांचा इतिहास तीन खंडांत मांडून ठेविला आहे. ज्ञान आहे, साधन आहे, नियमहि आहे. उणीव आहे ती पाहणाऱ्या डोळ्याची.

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, वाचक अर्थ पाहतो, अक्षराच्या पाकळ्या मोजीत नाहीं. हें खरें आहे. पण जेवणारा देखील मिठाचे कण मोजीत नाहीं, तरी अळणी भाजी त्याला कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोडून लिहिलेलीं जोडाक्षरें बालकांना सोपीं जातात. प्राथमिक पुस्तकापुरतें हें आम्हांस मान्य आहे. पण पाळण्यांतील मुलासाठीं केलेलें गुरगुट्या भाताचें जेवण घरांतील सर्वांना जन्मभर वाढीत नाहींत. कादंबरी, चरित्र, निबंध वाचणाऱ्या वयांत मुलाला बांधलेलें अक्षर दिसलें नाहीं, तर आजीच्या पोथ्या आणि आजोबांच्या कपाटांतील निर्णयसागरी ग्रंथ त्याला परक्या लिपींतले वाटूं लागतील. तीन पिढ्यांचें एकच वाचन असावें ही आमची इच्छा आहे, आणि तिचा निकाल अक्षराच्या निवडींत लागतो.

निवड कशी करावी? टंकाच्या नमुन्यांतील ‘क ख ग’ पाहून ती कधींच करूं नये. ग्रंथांतील एक अवघड परिच्छेद घ्यावा. त्यांत ‘तिकोणा पेठ’, ‘पवनमावळ’, ‘दऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘ब्राह्मण’ असे शब्द असावे. तो दोन-तीन टंकांत जुळवून, ज्या कागदावर ग्रंथ निघावयाचा त्याच कागदावर छापावा. पडद्यावर नाजूक दिसणारी रेघ खरबरीत कागदावर तुटते, आणि भरदार दिसणारी शाई पिऊन फुगते. नागरींत मात्रा-रफार वर आणि उकार खालीं, म्हणून मधल्या अक्षराला जागा थोडी उरते. त्यामुळें १२ पॉइंटाची नागरी तेवढ्याच रोमनशेजारीं लहान भासते. तेव्हां आकार थोडा वाढवावा आणि दोन ओळींत अंतर सढळ हातानें सोडावें. पानें वांचविण्यासाठीं ओळी खेटल्या, तर एका ओळीचा उकार दुसऱ्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. नक्षीदार अक्षरें मुखपृष्ठावर शोभतात, मजकुरांत नव्हेत. आणि रोमनचें अनुकरण करून सबंध परिच्छेद तिरपे करण्याची जी टूम निघाली आहे ती शक्य तितकी टाळावी. शिरोरेषेच्या लिपीला तें वळण मानवत नाहीं.

आमचें मागणें मोठें नाहीं. प्रकाशकानें ग्रंथाच्या शेवटीं टंकाचें व तो घडविणाऱ्याचें नांव छापावें. टीकाकारानें ‘छपाई समाधानकारक’ हें वाक्य सोडून, अक्षर कसें आहे तें लिहावें. आणि पुस्तक विकत घेणाऱ्या गृहस्थानें दुकानांत उभ्या उभ्या एक पान उघडून ‘ल’, ‘श’ आणि ‘ऱ्य’ पाहावे. गिऱ्हाईक पाहतें असें दिसलें, कीं दुकानदार विचारील, दुकानदारानें विचारलें कीं प्रकाशक जागा होईल. निर्णयसागरच्या कारागिरांनीं शिशांत जें साधलें, तें विनाश्रम साधण्याची सोय आज प्रत्येक छापखान्यांत आहे. तिचा उपयोग करून घेण्याइतकी चाड मात्र आपल्याला असली पाहिजे.