पाळीच्या वेदना आणि ४.३७ हा आकडा: एक रिव्ह्यू वाचताना

पाळीत पोट दुखलं की 'एक गोळी घे, बरं वाटेल' असं आई, मैत्रीण, मेडिकलवाले काका सगळेच सांगतात. या सल्ल्यामागे पुरावा किती? कोक्रेनने २०१५ साली प्रसिद्ध केलेला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू नेमकं हेच तपासतो. त्यात ८० चाचण्या आणि ५,८२० स्त्रिया आहेत. रिसर्च करू बघणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा, पण जरा सावकाश.

आधी थोडं शास्त्र. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन घटतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन वाढतात. त्यामुळे गर्भाशय जोरात आकुंचन पावतं, तिथला रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळा येतात. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. म्हणजे गोळीला कारण आहे, तो नुसता समज नाही.

आता निष्कर्ष. प्लासिबोच्या तुलनेत ऑड्स रेशो ४.३७. बरेच जण इथे 'चौपट आराम' असं लिहून मोकळे होतात. थांबा! ऑड्स म्हणजे टक्केवारी नव्हे. रिव्ह्यूतच पुढे सोपं करून दिलंय: प्लासिबोने १८ टक्के स्त्रियांना मध्यम किंवा उत्तम आराम मिळत असेल, तर या औषधांनी ४५ ते ५३ टक्के स्त्रियांना मिळेल. म्हणजे साधारण अडीच ते तीन पट. परिणाम चांगलाच आहे, पण चौपट नाही.

हेच वाक्य उलटं वाचा. गोळी घेऊनही जवळपास निम्म्या स्त्रियांना तेवढा आराम मिळत नाही. आणि हा रिव्ह्यू फक्त प्रायमरी डिसमेनोरियाचा, म्हणजे ज्यात वेदनेमागे दुसरा आजार नसतो त्याचा आहे. एंडोमेट्रिओसिस असलेलीला हे आकडे लावता येत नाहीत. तरीही 'सगळ्यांना दुखतं, गोळी घे' हे वाक्य तिलाही ऐकावं लागतं, आणि निदान लांबतं. आकडा अर्धवट वाचल्याची किंमत ही अशी कोणीतरी मोजतं.

माझा मुख्य आक्षेप रिव्ह्यूवर नाही, त्यातल्या मूळ चाचण्यांवर आहे. ५९ टक्के चाचण्यांना कंपन्यांचा पैसा होता आणि आणखी ३१ टक्के चाचण्यांनी पैसा कुठून आला हे सांगितलंच नाही. पद्धतीही नीट लिहिलेल्या नाहीत, म्हणून बहुतेक तुलनांचा पुरावा कमी दर्जाचा ठरला. लेखकांनी हे लपवलेलं नाही, ही त्यांची जमेची बाजू. पण ८० चाचण्या होऊनही कोणतं एक औषध दुसऱ्यापेक्षा सरस किंवा सुरक्षित आहे हे सांगता येत नसेल, तर एक्याऐंशीवी चाचणी तशीच करून काय मिळणार?

आपल्याकडचा मुद्दा वेगळाच. इथे मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि डायसायक्लोमिन एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, बऱ्याचदा चिठ्ठीशिवाय. एकेकट्या औषधाचा पुरावा या जोडीला जसाच्या तसा लावता येत नाही.

तर विषय शोधत असाल, तर एक प्रश्न सुचवते: गोळीने ज्यांचं दुखणं थांबत नाही, त्या पुढे काय करतात आणि डॉक्टरांपर्यंत कधी पोचतात? इथे 'किती जणींना आराम पडला' एवढं मोजून भागणार नाही.